कूलरवाला मंडप

चहा थंड झाला तं होऊ द्या, पण हे पहिले ऐकून घ्या. आमच्या गावात ही गोष्ट पाच-सहा तऱ्हेनं सांगतात आन् प्रत्येक तऱ्हेत मीच बैताड, म्हणजे बावळट, निघतो. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं. बैताड तं ठरलोच आहो, निदान आपल्या तोंडून ठरू.

मी विजेच्या ऑफिसातून रिटायर झालेला माणूस. अड्याळच्या पलीकडं आमचं गाव. नोकरीत होतो तेव्हापासून आंदोलन हा माहा प्रांत. संघटनेचा मोर्चा म्या कधी चुकवला नाही. हिवाळ्यात नागपूरले अधिवेशन लागलं का आमची गाडी निघालीच समजा. मोर्चात जायचं, घोषणा द्यायच्या, पोलिसांनी अडवलं का तिथंच बैठक मारायची, निवेदन द्यायचं आन् येताना संत्री घेऊन यायची. मागण्या मान्य झाल्या का, हे नका विचारू. संत्री मात्र दरवर्षी चांगली मिळाली.

तं अशा अनुभवी माणसाले त्याची बायको शिकवून राहिली, का आंदोलन कसं करावं. आता सांगा, राग येईन का नाही?

झालं काय, नदीवरून रेती भरलेले टिप्पर आमच्या गावातून जात. बाहेरून चांगला रस्ता आहे, पण तो लांब पडते. गावातून जवळ पडते. आन् गावातला रस्ता म्हणजे शाळेच्या फाटकासमोरून. टिप्परवाल्याले डिझेल वाचवायचं असते, पोट्ट्यांले जीव. एक दिवस आमच्या नातीची सायकल चाकाखाली गेली. पोरगी पेन घ्याले दुकानात शिरली होती म्हणून वाचली. सायकल पाहाल तं नुसता पापड झाला होता तिचा.

मी लगेच निवेदन लिहाले बसलो. "महोदय, वरील विषयास अनुसरून" इथपर्यंत आलो आन् बाहेर हॉर्न ऐकू आला. एकसारखा हॉर्न. जाऊन पायतो तं आमची मंदा, म्हणजे माही बायको, रस्त्याच्या मधोमध पोतं टाकून बसली होती. हातात सूप, सुपात तांदूळ. समोर टिप्पर उभा.

ड्रायव्हर उतरला. म्हणे, "बाई, सरका न."

मंदा म्हणे, "खडे बहुत हायेत बाबू. थांब जरा."

"अवो, पण घरी निवडा न."

"घरी उजेड नाही पडत."

संध्याकाळपर्यंत गावातल्या साऱ्या बाया आपापलं सूप घेऊन हजर. बौद्ध मोहल्ल्यातल्या, कुणबी मोहल्ल्यातल्या, ज्या बाया एकमेकींच्या घरचं पाणी पिताना दहादा विचार करतात त्या एका पोत्याले पोतं लावून बसल्या. नारा नाही, भाषण नाही, बॅनर नाही. तांदूळ संपले का डाळ, डाळ संपली का लसूण सोलणं. मागं टिप्परांची रांग लागली, ती पार तलावाच्या पाळीपर्यंत.

पोलीस आले. जमादार म्हणे, "उठा, नाहीतर कारवाई करावी लागेल." मंदा म्हणे, "करा न साहेब, पण कायची?" जमादारानं डोकं खाजवलं. भर रस्त्यात लसूण सोलल्यावर कोणतं कलम लागते, हे त्याले पटकन आठवेना. शेवटी तोही सावलीत जाऊन बसला.

मी मंदाले म्हटलं, "हे काय आंदोलन आहे? याले ना अध्यक्ष, ना सचिव, ना माइक." ती म्हणे, "तुमी लसूण सोलता का? नाही न? मंग सरका."

आन् गंमत पाहा. दोन-चार दिवसांत तहसीलमधून तोंडी हुकूम आला, का शेवटचा निर्णय होईपर्यंत दिवसा टिप्पर गावातून जाणार नाही. माह्या अर्ध्या निवेदनाचा कागद तिनं लसणाची टरफलं गोळा कराले वापरला.

पुढं मी नागपूरले लेकीकडं गेलो. तिथं मंदाचा फोन आला. "उद्या परस्पर पवनीले तहसीलसमोर या. साहेब उद्या निर्णय देणार हायेत. आमी बाया पायीच येतो, दुपार होईन. आजूबाजूच्या गावचेबी लोक येणार हायेत पाठिंब्याले, ते सकाळीच येतीन. तुमी त्यायच्यासंग नुसतं बसा. बोलू नका. आन् ऐका, तिथी मंडप..."

मंडपाबद्दल ती बरंच काही सांगत होती. पण "बोलू नका" हे शब्द कानावर पडले आन् माह्या डोक्यात भाषण सुरू झालं. आता एका डोक्यात दोन माणसं कशी बोलतीन? मी "हो हो" म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पवनीले उतरलो. ऊन असं का डांबर चपलेले चिकटून राहिलं होतं. तहसीलसमोर पायतो तं काय मंडप होता बापा! खाली गादी, गादीवर लोड, दोन्ही कोपऱ्यांत कूलर, मधात माइक. मागं भलामोठा फ्लेक्स, त्यावर मोठ्या अक्षरात 'उपोषण' आन् हात जोडलेले चेहरेच चेहरे. खाली मागण्या होत्या, पण बारीक अक्षरात. चष्मा पिशवीच्या तळाशी होता, आन् खरं सांगू का, मागण्या वाचत बसणं हा नवख्या माणसाचा धंदा. जुना माणूस गादी पायते.

रस्त्याच्या पल्याड कडुनिंबाखाली एक फाटकी ताडपत्री होती. तिच्यावर पाण्याची गुंडी आन् सावलीले निजलेलं कुत्रं. मी मनात म्हटलं, कोण्या बिचाऱ्यायचं आंदोलन आहे हे, एकही माणूस मिळाला नाही.

मंडपातून एक गडी पुढं आला. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी. लोक त्याले गुड्डूभाऊ म्हणत होते.

"या काका. कोणत्या गावचे?"

मी गाव सांगतलं. त्याचे डोळे असे मोठे झाले. "त्या गावचे? आन् आमच्या मंडपात?"

"मंग कोणाच्या मंडपात जाऊ?"

"वा काका वा. दिल जीत लिया." आन् त्यानं माह्या गळ्यात हारच टाकला.

तरी मी चौकशी केली हो. अगदीच बिनडोक नाही मी. विचारलं, "टिप्परचाच विषय आहे न?"

"टिप्परचाच काका. दुसरा कोणता असन?"

"आन् निर्णय आज?"

"आजच. साहेब येऊनच राहिले."

आता याच्यावर आणखी काय विचारावं माणसानं? तोंडओळखीचं कोणी नव्हतं, पण मंदानंच सांगतलं होतं का आजूबाजूच्या गावचे लोक सकाळी येतीन म्हणून. मी हार नीट केला आन् कूलरच्या समोरची जागा धरली.

थोड्या वेळानं गुड्डूभाऊ कानाशी आला. "काका, नाश्ता?"

"उपोषण आहे न?"

"उपोषण समोर आहे. नाश्ता मागं आहे."

फ्लेक्सच्या मागं गेलो तं तर्री-पोह्याचं पातेलं वाफा टाकत होतं. सारे उपोषणकर्ते प्लेटा धरून उभे. माह्या मनात आलं, आमच्या काळात असं नव्हतं, पण आंदोलनानंही सुधारायले पाहिजे कधीतरी. एक प्लेट खाल्ली. तर्री चांगली होती म्हणून दुसरी खाल्ली. तोंड पुसून परत समोर येऊन उपाशी बसलो.

मंग मले माइक दिला. मंदानं बोलू नका म्हटलं होतं, पण मंदा होती कुठं? मी उठलो. "बंधूंनो, अन्याय करणाऱ्यापेक्षा अन्याय सहन करणारा मोठा दोषी असतो. हा लढा पोटाचा नाही, स्वाभिमानाचा आहे. आम्ही दगड उचलणार नाही, काच फोडणार नाही. शांततेच्या मार्गानं बसू आन् न्याय घेऊनच उठू!"

टाळ्या अशा पडल्या का कूलरचा आवाज दबला. गुड्डूभाऊच्या डोळ्यात पाणी. तुमच्या ध्यानात येऊन राहिलं असन आता. त्या भाषणात टिप्पर नव्हता, शाळा नव्हती, नात नव्हती. तेच भाषण मी महागाईभत्त्यासाठी दिलं होतं, बदल्यांच्या विरोधात दिलं होतं, एकदा कँटीनच्या चहासाठीही दिलं होतं. कोण्याही मंडपात बसते ते.

दुपारी नायब तहसीलदार साहेब आले. तरुण माणूस, घामानं ओला, मागं शिपाई, शिपायाच्या हातात ट्रे. ट्रेमध्ये लिंबू-सरबताचे ग्लास. आता आपल्याकडचा रिवाज तुमाले माहीतच आहे. साहेबाच्या हातचं सरबत पेलं म्हणजे उपोषण सुटलं, मागणी मान्य झाली, दोन्हीकडून मिटलं. आन् पहिला मान बसलेल्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्याचा. तो कोण? हारवाला.

गुड्डूभाऊनं साहेबाले सांगतलं, "सर, हे काका त्याच गावचे. ज्येष्ठ नागरिक. स्वतःहून पाठिंब्याले आले."

साहेबाच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, विचारू नका. "काका, खरंच तुमचा ह्या मागणीला पाठिंबा आहे?"

"शंभर टक्के."

"मनापासून?"

"साहेब, माहा जीव आहे याच्यात."

साहेबानं ग्लास माह्या तोंडाले लावला. फोटोवाल्यायनं मोबाइल वर केले. मी पेलो. तर्रीवर लिंबू-सरबत असं उतरलं का काय सांगू! दुसरा ग्लास मीच उचलला आन् साहेबानं माइकवर जाहीर केलं.

"खुद्द गावातल्या ज्येष्ठांचाच पाठिंबा असल्यामुळे टिप्पर मालक संघटनेची मागणी मान्य करण्यात येत आहे. वाहतूक आजपासून पूर्ववत, गावातूनच, दिवसा आणि रात्री."

मंडप नाचू लागला. मी ग्लास तोंडाले लावून तसाच थिजलो. पिशवीतून चष्मा काढला, मागं वळलो आन् ती बारीक अक्षरं आयुष्यात पहिल्यांदा वाचली. पहिलीच मागणी होती, टिप्पर गावातूनच जाऊ द्या.

आन् नेमकी त्याच वेळेले रस्त्याच्या वळणावरून बायांची रांग दिसली. उन्हातून पायी आलेल्या, पदर डोक्यावर, हातात सुपं, पायाले पार घोट्यापर्यंत धूळ. येऊन त्या कडुनिंबाखाली ताडपत्रीवर बसल्या. सकाळी येणारे आजूबाजूच्या गावचे लोक तं शेवटपर्यंत आलेच नाहीत. कुत्रं उठून बाजूले झालं, जणू त्यालेही माहीत होतं का जागा कोणाची. पवनीतल्या त्या कुत्र्याले जे समजलं ते मले समजलं नव्हतं.

मंदाची नजर फिरत फिरत मंडपावर आली. तिथं मी. गळ्यात हार, हातात ग्लास, मागून कूलरची हवा.

ती रस्ता ओलांडून आली. ओरडली नाही. मंदा ओरडली का मले बरं वाटते, ओरडली नाही का भेव वाटते.

"तुमी इथी काय करून राहिले?"

"मंदे, ते... मले वाटलं..."

"सरबत पेलं?"

"पेलो."

"कोणाच्या हातचं?"

मी साहेबाकडं बोट दाखवलं. साहेब खुशीत होता. म्हणाला, "बाई, आता वाद नको. तुमच्याच गावच्या काकांनी पाठिंबा दिलाय. निर्णय झालेला आहे."

मले तेव्हा ती सायकल दिसली, आईची आण. उद्या सकाळी दहा वाजता शाळेसमोर रेतीचा टिप्पर आन् त्याच्यासमोरून नात चालत चाललेली. आन् तो टिप्पर मी सोडलेला. मले सरळ रडू आलं. म्हातारा माणूस हार घालून रडून राहिला, तं फोटोवाल्यायले वाटलं आनंदाश्रू. त्यायनं तोही फोटो घेतला.

मंदा परत गेली, बायांशी काही बोलली. आन् साऱ्या बाया उठून तहसीलच्या फाटकात येऊन बसल्या. आतून बाहेर येणारा एकच रस्ता, त्याच रस्त्यावर साहेबाची जीप निघणार. सुपं मांडीवर आली, तांदूळ पडले, खडे निघू लागले.

साहेब म्हणाला, "बाई, जीप जाऊ द्या."

"जाऊ देऊ न साहेब. खडे बहुत हायेत."

"अहो, उपोषण सुटलं. सरबत पिऊन झालं."

"सरबत ह्यायनं पेलं. आमी पेलो का?"

"पण काका तुमच्या गावचे ज्येष्ठ आहेत."

तेव्हा मंदा हसली. साऱ्या बाया हसल्या. मंदा म्हणे, "साहेब, ह्यायचा पाठिंबा घेतला तुमी? ह्यायचं घरात चालत नाही, गावात कुठून चालन?"

शेजारची बाई म्हणे, "भाजीत मीठ किती, हेबी विचारत नाही ह्यायले कोणी."

दुसरी म्हणे, "पोराच्या लग्नात सारं ठरल्यावर ह्यायले सांगतलं होतं."

"सांगतलं होतं का?" तिसरीनं विचारलं. मले तरी सांगितल्याचं आठवत नाही.

घंटा झाला, दुसरा झाला. जीप हलेना. साहेबाले भंडाऱ्याले मीटिंग होती, वरून फोन येऊन राहिले होते. बायांले उचलावं तं पोलीस तीन, बाया मोहल्लाभर, आन् ज्या फोटोवाल्यायनं माहा फोटो घेतला ते आता सुपांचे फोटो घेऊन राहिले होते. साहेबाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं का आदेश मागं घ्याले तो तयार आहे, पण निमित्त पाहिजे. साहेब लोकांले आपण चुकलो असं म्हणता येत नाही, तसा नियम असन कदाचित.

गुड्डूभाऊनं ते ओळखलं. त्यानं माइक ओढला. "सर, बाया काहीही म्हणतीन. काका मोठा माणूस आहे. काकांचा शब्द म्हणजे गावाचा शब्द."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी माह्याबद्दल असं बोललं. तेही माइकवर, तेही तहसीलसमोर. छाती भरून आली हो. आन् आता ते खोटं पाडाले मीच उभं राहायचं होतं, हे माह्या नशिबाचे खेळ.

मी हार काढला. माइक घेतला. "साहेब, बाई खरं बोलून राहिली. माहं घरात चालत नाही. गावात तं नाहीच नाही. मी चुकून या मंडपात आलो, कूलर पाहून. माहा पाठिंबा कोणी धरू नका."

गुड्डूभाऊ उसळला. "सर, काका दबावात हायेत. बायको समोर बसली आहे, दिसून नाही राहिलं का?"

साहेबानं घाम पुसला. फाटकाकडं पायलं, घड्याळाकडं पायलं. मंग म्हणाला, "असं करू. काकांचं घरात चालत असेल तर त्यांचा शब्द गावाचा शब्द, आदेश कायम. चालत नसेल तर पाठिंबाच नव्हता, आदेश रद्द, दिवसा टिप्पर बंद. मंजूर?"

गुड्डूभाऊ म्हणे, "मंजूर." त्याले नवऱ्याच्या जातीवर भरवसा होता.

"काका," साहेब म्हणाला, "ह्या बाई तुम्हाला काहीतरी सांगतील. तुम्ही फक्त 'नाही' म्हणायचं. म्हणता येतं का बघू."

सारं तहसील गोळा झालं. चहावाला आला, स्टॅम्पवाला आला, खिडकीतून क्लार्क लोंबकळले. मंदा सूप घेऊन बसल्या जागेवरून म्हणाली, "चला, इकडं येऊन बसा. लसूण सोला."

"म्हणा काका!" गुड्डूभाऊ ओरडला. "मर्द हाये का नाही तुमी?"

मी ठरवून टाकलं होतं का 'नाही' म्हणायचं नाही. शाळेचा प्रश्न होता. पण खरं सांगतो तुमाले, इतकी वर्षं झाली लग्नाले, असा मोका कधी आला नव्हता. सरकारी परवानगी, समोर माइक, हजार माणूस ऐकून राहिलं आन् मागून लोक म्हणून राहिले, म्हणा, म्हणा. जिभेवर आला होता हो तो शब्द. एकदा, फक्त एकदा म्हणून पाहावा असं लय वाटलं.

मी माइक तोंडाजवळ घेतला, मंदाकडं पायलं आन् विचारलं, "म्हणू का?"